आपल्या दिंडीची वाहनं आणि टांग्याला घोडं जुंपायची रीत



स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं की महाराज, दिंडीत बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं पाहिलेला माणूस आता तुम्हीच राहिलात, तेव्हा तेवढं लिहून द्या. आमचं शिक्षण चौथी. कीर्तनाला दोन तास उभं राहायला सांगा, राहू. पण कागदावर चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात जड होतो. नातवाकडून शुद्धलेखन बघून घेतलंय, तरी चुकलंमाकलं पोटात घालावं.

लिहायला आणखी एक कारण झालं. शताब्दीच्या वारीत संस्थापक महाराजांच्या पादुका सजवलेल्या घोडागाडीतून न्यायच्या, असं तरुण मंडळींनी ठरवलंय. ठराव झाला, गाडी रंगवायलासुद्धा गेली. आमची ना नाही. पण बैठकीत आम्ही विचारलं, घोडं जुंपणार कोण? तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "त्यात काय महाराज, दोन पट्टे अडकवले की झालं." त्या पोराला आम्ही नावं ठेवत नाही. त्याच्या वयात आम्हालाही तसंच वाटायचं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ते पुढं येईल.

वारी जुनी, पालखी त्यामानानं अलीकडची. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली असं सांगतात. पुढं आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींची पालखी वेगळी काढली आणि सोहळ्याला आजची शिस्त लावली. त्यांना अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू असा लवाजमा दिला. आजही माउलींचे अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, ती जागा माउलींची. पण हे घोडे रिंगणाचे, मानाचे. त्यांना कशाला जुंपत नाहीत. माउलींचा रथ बैलच ओढतात, आणि दिवे घाट आला की त्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, हे आपण सगळेच डोळ्यांनी बघतो.

आपल्या दिंडीला आरंभी गाडी नव्हती. आमचे आजोबा संस्थापकांबरोबर पहिल्या वारीला होते. ते सांगायचे, पाठीला पडशी, पडशीत पीठ-मीठ आणि पोथी, एवढंच सामान. पुढं माणसं वाढली तशा दोन गाड्या आल्या. एकीत शिधा आणि भांडी, दुसरीत राहुट्या, आणि सामानावर एखादं आजारी माणूस. आपण खेडकडची माणसं, भीमेच्या काठची. जी भीमा आपल्या शिवारातून वाहते तीच पंढरीला चंद्रभागा होते. पण पाण्याला उताराची वाट असते, गाडीला चढाची. दिवे घाटात आपले गडी दोन्ही जोड्या एकाच गाडीला लावून ती वर न्यायचे, वर चाकांखाली दगडाची उटी लावायचे आणि जोड्या घेऊन पुन्हा खाली यायचे, दुसऱ्या गाडीसाठी. सासवडला पोचेस्तोवर रात्र व्हायची.

बैल जुंपणं आपल्या घराघरात ठाऊक, त्यावर जास्त लिहीत नाही. जू मानेवर ठेवायचं, शिवळा घालायच्या, जोतं बांधायचं. डाव्या अंगाचा बैल डावीकडंच. जोडीतला एक बुजला तरी दुसरा त्याला थोपवतो. बैल बिथरला तर आडवा होतो, बसतो, फार तर जू मोडतो. घोड्याचं तसं नाही. टांग्याला ते एकटं असतं आणि भ्यालं की एकच जाणतं, पळायचं. मागं टांगा आहे का म्हातारं माणूस आहे, हे त्याच्या ध्यानात राहत नाही. हा फरक आपल्याला समजायला फार वर्षं लागली.

१९७२ चा दुष्काळ आला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. कडब्याची पेंढी बघायला मिळेना, माणसं खडी फोडायला गेली. दिंडीच्या दोन्ही जोड्या विकल्या. आमच्या वडिलांनी बैल विकून आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलणं केलं नाही. पुढच्या वर्षी दिंडी निघाली ती डोक्यावर गाठोडी घेऊनच. पुण्यात भवानी पेठेत माउलींचा दोन रात्री मुक्काम असतो. तिथं आपल्या मंडळींनी एक टांगेवाला गाठला. पुण्यात तेव्हा रिक्षा वाढल्या होत्या, टांग्याचा धंदा बसत चालला होता. पंढरपूरपर्यंत यायचं, परत यायचं, घोडीची चंदी आणि दोन वेळचं जेवण दिंडीचं, वर रोजाची मजुरी, असं ठरलं. ते गृहस्थ मुसलमान होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, आम्हीही तेच लिहितो. दोन-चार जुन्या मंडळींनी कुरकुर केली, ती सासवडपर्यंत टिकली. घाटात चाचा टांग्यातून उतरले, घोडीच्या तोंडाशी धरून सबंध घाट पायी चढले, आणि टांग्यात बसलेल्या म्हाताऱ्यांना एक धक्का लागू दिला नाही. त्यानंतर कुरकुर ऐकू आली नाही.

घोडी तांबड्या रंगाची, नाव राणी. टाळ-मृदंगाला ती पहिल्यांदा फार बिचकायची. चाचांनी तिला हरिपाठाच्या वेळी रोज थोडं थोडं जवळ आणून उभं केलं. पहिल्या दिवशी शंभर पावलं लांब, मग ऐंशी. लोणंदला ती दिंडीच्या कडेला उभी राहून निवांत चंदी खात होती.

आम्ही शाळा सोडलेलीच होती. वडिलांनी आम्हाला चाचांच्या हाताखाली दिलं. खरारा करणं, पाणी दाखवणं, लीद काढणं ही कामं आमची. जुंपणं आणि सोडणं मात्र चाचा स्वतःच करायचे. दोन वाऱ्या झाल्या तरी आम्हाला हात लावू देईनात. आम्हाला राग यायचा.

चौथ्या वारीत, आम्ही सोळा वर्षांचे असताना, फलटण सोडून बरडकडं जाताना दुपारच्या विसाव्याला टांगा थांबला. चाचा नमाजाला बाजूच्या बांधापलीकडं गेले. जाताना म्हणाले, "बेटा, तोंडाशी उभा राहा. कशाला हात लावू नको." टांग्यात आमची आजी बसलेली, तिच्या शेजारी पाण्याची कळशी. घोडी लगाम चावत होती. आम्हाला वाटलं, भुकेली आहे, चाचा येईस्तोवर तोबरा चढवून ठेवू. तोबरा चढवायला लगाम आड येत होता. म्हणून आम्ही तोंडावरचा लगाम झापडांसकट उतरवला. घोडी अजून टांग्याला जुंपलेलीच होती.

घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. झापडं असतात ती एवढ्यासाठी की मागचं चाक आणि वरची छत्री त्याच्या डोळ्यावर येऊ नये. झापडं गेली आणि राणीनं मान वळवली, तर तिच्या पाठीला चिकटून एवढं मोठं धूड उभं. ती उडाली. आमच्या हातात लगाम, पण मोकळा. टांगा रस्त्याच्या कडेच्या खडीच्या ढिगावर चढला आणि कलंडला. एक दांडी मोडली. घोडीच्या मांडीला आरपार ओरखडा. आजीचं मांडीचं हाड मोडलं.

आजी त्याआधी तीस वर्षं वारीला येत होती. त्यानंतर तिनं पंढरपूर पाहिलं नाही.

रात्री मुक्कामावर बैठक बसली. विणेकऱ्यांनी चाचांना विचारलं, कसं झालं? आम्ही मागं उभे होतो. चाचा म्हणाले, "पट्टा तुटला. जुना होता. बदलायला हवा होता, माझी चूक." बैठकीनं त्यांची निम्मी मजुरी कापायची ठरवली आणि ती कापलीही. आम्ही तोंड उघडलं नाही. दिंडीच्या जुन्या वहीत त्या सालची नोंद अजून आहे, "टांग्याचा पट्टा तुटून अपघात". ती नोंद खोटी आहे. पट्टा तुटला नव्हता. हे आम्ही आज पहिल्यांदा लिहितो आणि मंडळींनी वहीत दुरुस्ती करावी अशी विनंती करतो. चाचा आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना भेटून आम्ही हे सांगितलं आहे.

आजी त्यानंतर तीन वर्षं होती. जायच्या आधी एकदा आम्ही तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय नवं सांगतोस? मी वरच बसले हुते की."

बरडच्या सुताराकडून चाचांनी बाभळीची दांडी बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला उठवलं आणि म्हणाले, "चल, आजपासून तू जुंपायचं." एक शब्द रागाचा नाही. त्या दिवसापासून आम्ही जी रीत शिकलो ती अशी. ज्यांना घोडागाडी न्यायची आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

पहिलं काम हातानं करायचं. खोगिराची आणि पट्ट्यांची जागा जिथं जिथं येते तिथं खरारा करून तळवा फिरवायचा. चिकटलेला चिखल, गोखरू, वाळलेला घाम, काहीही राहिलं तर चार मैलांत तिथं जखम होते, आणि दुखतं म्हणून घोडं बिथरतं. मग साज, गाडीपासून लांब. घोडं गाडीत उभं करून साज घालायचा नाही. पाठीवर खोगीर, तंग सैलसर. छातीचा पट्टा, त्याखाली आयाळीचे केस अडकू द्यायचे नाहीत. शेपटीखालून दुमची, तिथंही एक केस दुमडला तर लाथ बसते. मागं ढुंगणावरून येणारा आडपट्टा. मग तंग आवळायचा, पण एकदम नाही. घोडं लबाड असतं, आवळताना पोट फुगवून धरतं. चार पावलं चालवून पुन्हा आवळायचा. तंगाखाली दोन बोटं जावीत, तीन नाहीत. सगळ्यात शेवटी तोंडावर लगाम, आणि लगामाच्या वाद्या खोगिराच्या कड्यांतून मागं आणून ठेवायच्या.

आता जुंपणं. याला दोन माणसं लागतात. एकट्यानं चाचासुद्धा जुंपत नव्हते, आम्ही नसलो तर वारकऱ्याला हाक मारायचे. एकानं घोड्याच्या तोंडाशी, थोडं बाजूला उभं राहायचं. समोर नाही, समोरचा माणूस पहिला तुडवला जातो. घोडं गाडीत मागं ढकलायचं नाही. घोडं स्थिर, गाडी त्याच्याकडं आणायची. दांड्या उंच धरून आणायच्या, घोड्याच्या पाठीच्या वरून, आणि मग खोगिराच्या दोन्ही कड्यांत उतरवायच्या. खालून आणल्या तर टोक कुशीत बसतं. चाचा दांडीला बम म्हणायचे. "बम ऊपर से, हमेशा ऊपर से," हे वाक्य आम्हाला झोपेत ऐकू येतं.

दांड्या बसल्या की आधी ओढायचे दोन लांब पट्टे, दोन्ही बाजूंचे लागोपाठ. एक लावला आणि दुसरा राहिला असं असताना घोडं हललं तर गाडी तिरकी होऊन त्याच्या पायावर येते. मग मागचा आडपट्टा दांड्यांना. उताराला गाडी हाच पट्टा धरतो, ब्रेकच म्हणा ना. परतवारीला दिवे घाट उतरताना सगळा भार याच्यावर असतो. हा फार सैल असला तर गाडी घोड्याच्या मागच्या पायांवर आदळते, फार घट्ट असला तर सपाटीला चालताना घासतो. तळहात आडवा जाईल एवढी फट ठेवावी. शेवटी पोटाखालचा दुसरा पट्टा, जो दांड्यांना खाली धरतो.

हा पट्टा पुष्कळ लोक विसरतात. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजू. माणसं मागं जास्त बसली तर गाडी उलाळ होते, दांड्या वर उठतात. पुढं जास्त बसली तर सगळं ओझं घोड्याच्या पाठीवर. दांडीखाली दोन बोटं घालून उचलून बघायची. हलकी उचलली म्हणजे भार बरोबर. आपल्या वारकऱ्यांना मागं पाय सोडून बसायची हौस, आणि त्यात मध्येच कुणी आपलं गाठोडं मागच्या फळीवर टाकून जातो. त्यावर लक्ष ठेवायचं काम एका माणसाला नेमून द्यावं.

हाकणारा आधी चढतो, तोही वाद्या हातात घेऊनच. तो बसला, मग बाकीचे. तोवर तोंडाशी धरलेल्यानं सोडायचं नाही. पादुका ठेवणार असाल तर त्याही हाकणारा बसल्यावरच. मैलभर गेल्यावर थांबून सगळे पट्टे पुन्हा चाचपायचे, हमखास एखादा सैल झालेला असतो.

सोडताना सगळं उलटं. आधी माणसं उतरवायची. एक जण तोंडाशी. मग हाकणारा खाली. पोटाखालचा पट्टा, मागचा आडपट्टा, ओढायचे पट्टे शेवटी. गाडी मागं ओढून पूर्ण बाजूला. आणि मगच लगाम. गाडी अंगावर असताना लगाम उतरायचा नाही, चारा असो, पाणी असो, कुणी कितीही घाई करो. तसंच जुंपलेलं घोडं लगामानं झाडाला, खांबाला बांधायचं नाही. ते झटका देतं, लगाम तुटतो, आणि मग आम्ही वर लिहिलं तेच होतं. जुंपलेल्या घोड्यापाशी माणूस हवाच. चहाला जायचं असेल तर दुसऱ्याच्या हातात देऊन जावं.

राणीनंतर चाचांनी दोन घोडी आणली. शेवटची काही वर्षं आम्हीच जुंपायचो, चाचा टांग्यात म्हाताऱ्यांबरोबर बसायचे, आणि तरी प्रत्येक पट्टा मान वाकवून बघायचे. अपघात पुन्हा झाला नाही. मग ट्रक आला, पाण्याचा टँकर आला, आता दोन ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या. ट्रॉलीची पिन घातल्यावर तिला खिटी आणि साखळी लावायची असते, ते आपली पोरं कधी लावतात, कधी नाही. तो वेगळा विषय आहे, पण त्याच्यावरही कुणी तरी बोलावं.

रस्ता आता पूर्वीचा नाही. चारपदरी झाला, मोठ्या गाड्या जवळून हॉर्न मारत जातात. गुळगुळीत डांबरावर नाल घसरतो, म्हणून निघायच्या आधी नालबंद बोलावून नाल नवे करून घ्यावेत, आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी. भाड्यानं येणारं घोडं लग्नाच्या वरातीतलं असेल तर त्याला बँडची सवय असते, पण जुंपायची असेलच असं नाही. मालकाला आपल्यासमोर एकदा जुंपून दाखवायला सांगावं. टाळांची सवय तर निदान आठ दिवस करावी लागेल. काकड्याच्या वेळी लांबून सुरुवात करू.

चाचांचा जुना साज मठाच्या माळ्यावर होता. आम्ही खाली काढून तेल लावलंय. तंग कुजला, तो नवा करावा लागेल. लगाम अजून चांगला आहे, तोच वापरू. ज्या चार पोरांना शिकायचं आहे त्यांनी पुढच्या बुधवारी पहाटे पाच वाजता मठापुढं यावं, पायात चप्पल नको, बूट घालून. घोडं आलं नसलं तरी चालेल, दांड्या धरायला आधी रिकाम्या गाडीवर शिकवू.